पिलें घ्या, आई सोडा

शास्त्रपाठ: अनुवाद 22:6–7. जोडीला लेवीय 25:1–7 व लूक 13:6–9 हे उतारे वाचावे.



मोशेच्या नियमशास्त्रांत मोठमोठ्या आज्ञांच्या रांगेंत एक अगदीं लहान आज्ञा आहे. वाचतांना आपण तिच्यावरून सहज पुढें निघून जातों. वाटेनें जाणाऱ्या कोणाला पांखराचें घरटें आढळलें आणि आई आपल्या अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर त्यानें काय करावें, हें तींत सांगितलें आहे. पिलें नेण्याची त्याला मोकळीक आहे; पण पिलांबरोबर आईला धरावयाचें नाहीं, तिला उडून जाऊं द्यावयाचें. आणि ह्या एवढ्याशा गोष्टीला परमेश्वरानें केवढें वचन जोडलें आहे, तें पाहा. असें करणाऱ्याचें कल्याण होईल व तो पुष्कळ दिवस नांदेल. आईबापांचा मान राखणाऱ्याला पांचव्या आज्ञेंत जें वचन दिलें, तेंच येथें एका पांखराच्या आईला सोडणाऱ्याला दिलें आहे.

असें कां? देव भुकेल्या माणसाला उपाशी राहा असें सांगत नाहीं. तो म्हणतो, घे आणि खा. पण जिच्यापासून तुला मिळालें, तिला मारूं नको. आई जिवंत राहिली तर ती पुढल्या वर्षीं पुन्हां घरटें बांधील, आणि तुझ्या मुलालाही कांहीं मिळेल. आईसुद्धां मडक्यांत गेली, तर आज एक घांस अधिक मिळेल खरा, परंतु उद्यां झाडावर घरटें नसेल.

हल्लीं कृषिखात्याच्या माणसांच्या तोंडून आपण “शाश्वत शेती” हा शब्द वारंवार ऐकतों. शाश्वत हा शब्द आपण सार्वकालिक जीवनाविषयीं वापरतों, म्हणून तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना नवल वाटतें. शेतें व पिकें हीं ह्या जगांतलीं आहेत, तीं शाश्वत कशीं होतील? पण त्या शब्दाचा अर्थ इतकाच आहे कीं, ज्या शेतीनें आज आपलें पोट भरतें, त्याच शेतीनें आपल्या नातवंडांचेंही भरावें. जी शेती नातवाच्या ताटांतला घांस आज काढून खात नाहीं, ती शाश्वत होय. म्हणजे जी पिलें घेते आणि आई सोडते, ती. पीक हें पिलूं आहे. माती, पाणी, बीं आणि कसणारा मनुष्य ह्या चार आया आहेत. ह्या चौघींचा आपण क्रमानें विचार करूं.

पहिली आई: माती

ज्वारी कापून आपण घरीं आणतों, तेव्हां दाण्याबरोबर आणि कडब्याबरोबर मातीचें सत्त्वही गाडींत बसून शेताबाहेर जातें. त्यांतलें कांहीं परत गेलें नाहीं तर काय होतें, तें इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें फार काळ पाहण्यांत आलें आहे. तेथें 1843 सालीं गव्हाच्या एका शेताचे पट्टे पाडून प्रयोग सुरू केला, तो आजतागायत चालू आहे. एका पट्ट्याला कांहींच द्यावयाचें नाहीं, एकाला दरवर्षीं शेणखत, व इतरांना कारखान्यांतलीं खतें, असा तो क्रम आहे. ज्याला कांहीं मिळत नाहीं, तो पट्टा हेक्टरीं सुमारें 1 टन गहूं देतो. ज्यांना मिळतें, ते त्याच्या कित्येक पट देतात. शेणखताच्या पट्ट्यांतील सेंद्रिय अंश तर दुपटीहून अधिक झाला आहे.

त्याच गांवीं जवाच्या एका शेताच्या तुकड्याला 1852 पासून 1871 पर्यंत 20 वर्षें शेणखत घातलें व मग अजिबात बंद केलें. खत बंद होऊन शंभर वर्षें लोटल्यावरही त्या तुकड्याची माती शेजारच्या उपाशी ठेवलेल्या मातीहून सकस आढळली. ज्यांनीं तें खत डोक्यावरून वाहिलें, ते केव्हांच मातीआड झाले; पण त्यांच्या टोपल्यांचा उपयोग पणतूंच्या काळांतही होत राहिला. बंधूंनो, आपण मुलांसाठीं पैका ठेवूं शकत नसलों, तरी ही ठेव ठेवणें गरिबांतल्या गरिबालाही अशक्य नाहीं.

आपल्या प्रभूनें सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आठवा. झाड तीन वर्षें फळ देईना, म्हणून धनी तें तोडावयास सांगतो. माळी काय म्हणतो? तो आणखी एक वर्ष मागतो, आणि भोंवतीं खणून खत घालण्याचें कबूल करितो. ह्यांत देवाची सहनशीलता दिसते, असें आम्ही उपदेशक नेहमीं सांगतों, आणि तें खरेंच आहे. पण ज्या तोंडांतून कृपेचा शब्द निघाला, त्याच तोंडांतून खताचाही शब्द निघाला, हें आपण विसरूं नये. खताची टोपली उचलणें हें हलकें काम आहे असें समजणाऱ्यानें हा दाखला पुन्हां वाचावा.

इंदूर येथें 1924 पासून 1931 पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें कंपोस्ट खताची रीत बसविली. पाला, धसकटें, पाचट, शेण, गुरांच्या मुतानें भिजलेली माती आणि राख हीं थरांवर थर घालून रचावयाचीं, ओल राखावयाची, ढीग वेळोवेळीं उलटावयाचा. म्हणजे सुमारें तीन महिन्यांत काळेंभोर खत तयार होतें. आपण पुष्कळसें येथल्या शेतकऱ्यांपासूनच शिकलों, असें तो विद्वान् मोकळ्या मनानें सांगे. तसेंच आपल्या वाडवडिलांनीं जिला बेवड म्हटलें ती गोष्ट. हरभरा, मूग, तूर ह्यांच्या मागून घेतलेलें पीक चांगलें येतें, हें त्यांना अनुभवानें ठाऊक होतें. कडधान्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतला नत्र धरून झाडाला देतात, हें 1888 सालच्या सुमारास जर्मनींत शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें. ज्या शेतांत ज्वारीबरोबर तूर आहे, त्या शेतांत आईला जेवण घालणारी सून आहे असें समजा.

येथें एक इशारा दिला पाहिजे. कारखान्यांतलें खत म्हणजे विष, असें कोणी सरसकट बोलूं नये. त्या खतानें आज जगांत कोट्यवधि लोकांना भाकर मिळते. 2021 सालीं श्रीलंकेच्या सरकारानें कारखान्यांतल्या खतांची आयात एकाएकीं बंद केली. भाताचें पीक फार घटलें, जो देश आपल्यापुरता तांदूळ पिकवीत होता त्याला तो बाहेरून आणावा लागला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सरकारला माघार घ्यावी लागली. उतावळेपणानें केलेलें चांगलें कामही गरिबाच्या पोटावर येतें. पण केवळ पोत्यांतल्या खतावर वर्षानुवर्षें विसंबून जो मातींत काडी-कचऱ्याचा अंश परत घालीत नाहीं, तो पिलूं पोसतो आणि आईला उपाशी ठेवतो, हेंही तितकेंच खरें आहे.

दुसरी आई: पाणी

आपला विश्वासाचा पिता अब्राहाम खास्द्यांच्या ऊर नगरांतून निघाला, हें आपण जाणतों. तो प्रदेश फरात नदीच्या कालव्यांवर पिकत असे व एके काळीं धान्यानें भरलेला होता. आज ऊर नगराचे ओसाड ढिगारे उरले आहेत. तेथें एक कारण असें घडलें. कालव्याचें पाणी शेतांत सतत सोडलें गेलें. निचरा झाला नाहीं. खालचा क्षार वर आला. तिकडच्या उत्खननांत सांपडलेल्या मातीच्या विटांवरील लेख वाचून विद्वानांनीं असें दाखविलें आहे कीं, आधीं गहूं मागें पडला आणि त्याच्या जागीं खारटपणा सोसणारें जव आलें. मग जवही कमी कमी होत गेलें.

हें दूर देशांतलें व जुन्या काळचें म्हणून सोडून देऊं नका. आपल्याच पुणें जिल्ह्यांत नीरेचा डावा कालवा 1885 सालीं सुरू झाला. पंचवीस वर्षेंच लोटलीं, आणि नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं डॉ. हॅरोल्ड मॅन व तम्हाणे ह्यांनीं लिहिलेली पुस्तिका 1910 सालीं मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याला छापावी लागली. सांगली-कोल्हापुराकडे कृष्णेकांठीं उंसाला पाणी देतां देतां चोपण झालेलीं रानें आजही आहेत. वर पांढरी साय धरलेली दिसते. ती दुधाची साय नव्हे, मातीच्या डोळ्यांतलें मीठ आहे.

पाण्याला दुसऱ्याही रीतीनें मारितां येतें, तें म्हणजे खालून उपसून. पंजाबांत दरवर्षीं जितकें पाणी जमिनींत मुरतें, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसलें जातें. तेथील भातानें व गव्हानें साऱ्या देशाला उपासमारींतून वर काढलें, हें उपकार विसरण्याजोगे नाहींत. परंतु शंभर जमा आणि दीडशें खर्च असा संसार किती दिवस चालेल, हें लहान मूलही सांगेल.

उलट अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार ह्या गांवाकडे पाहा. 1972 च्या दुष्काळानंतर तें गांव मोडकळीस आलें होतें, लोक मजुरीसाठीं परगांवीं जात. 1989 च्या सुमारास पोपटराव पवार ह्यांना गांवानें सरपंच केलें. मग गांवकऱ्यांनीं श्रमदान करून डोंगरउतारावर चर खणले, नाल्यांना बांध घातले. झाडें तोडावयाचीं नाहींत, गुरें मोकाट चारावयाचीं नाहींत, शेतीसाठीं विंधन विहीर खणावयाची नाहीं, ऊंस व केळीं लावावयाचीं नाहींत, असे नियम गांवानें आपणच आपल्यावर घातले. दरवर्षीं पाऊस किती पडला तें मोजतात, गांवसभेंत पाण्याचा हिशेब मांडतात, आणि कमी पावसाच्या वर्षीं उन्हाळी पीक सोडून देतात. आधीं पिण्याचें, मग गुरांचें, आणि उरेल त्यांत शेतीचें. हा हिशेब आपल्या सगळ्या गांवांना अवघड आहे काय? ज्या मंडळींत वर्गणीचा पैपैचा हिशेब दरसाल वाचला जातो, तेथें विहिरीचा हिशेब वाचावयास कोणती हरकत आहे?

तिसरी आई: बीं

दुष्काळाच्या वर्षीं आपल्या आज्या पोरांना कण्या व पाला खाऊं घालीत, पण बियाण्याच्या गाडग्याला हात लावीत नसत. राखेंत घोळून, तोंड लिंपून ठेवलेलें तें गाडगें म्हणजे घरांतली आई असे. आज तें पुष्कळ घरांतून नाहींसें झालें आहे. संकरित बीं अधिक पिकतें, आणि तें पेरणाऱ्याला कोणी दोष देऊं नये. परंतु त्याच्या पिकांतलें बीं पुढल्या सालीं तसेंच येत नाहीं, म्हणून दरवर्षीं दुकानाची पायरी चढावी लागते. शिवाय साऱ्या शिवारांत एकच वाण असला, तर एकच रोग सारें शिवार नेतो. आयर्लंडांत असेंच झालें. तेथील गरीब लोक बहुतेक एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होते. 1845 सालीं त्यावर करपा पडला. पुढच्या कांहीं वर्षांत सुमारें 10 लाख माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं. आणि त्याच काळांत त्या देशांतून धान्य बाहेर विकावयास जात होतें, हें आणखी दुःखाचें.

अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे ह्या आदिवासी बाईंनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. पण त्यांनीं भात, वाल, नाचणी, पालेभाज्या अशा जुन्या वाणांचें बीं घरोघर फिरून जमविलें, राखलें आणि वांटलें. 2020 सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीं वांटतांना त्यांची रीत अशी कीं, जेवढें न्यावें त्याहून अधिक परत आणावें. आपल्या मंडळींतील बायांनीं मनांत आणलें, तर प्रत्येक वस्तींत असें एक फडताळ उभें राहील.

चवथी आई: कसणारा मनुष्य

माती, पाणी, बीं राखलीं, आणि नांगर धरणाराच मोडून पडला, तर काय राखलें? 2022 सालीं आपल्या देशांत शेतकरी व शेतमजूर मिळून 11,290 जणांनीं स्वतःचा जीव घेतला, असें सरकारी नोंदींत आहे. त्यांतले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आपल्या महाराष्ट्रांतले. बंधुभगिनींनो, हे आंकडे नव्हेत. हीं घरें आहेत. कोणाच्या तरी उंबऱ्यावर त्या रात्रीं दिवा लागला नाहीं. जी शेती कसणाऱ्यालाच गिळते, ती कितीही पिकली तरी शाश्वत नव्हे.

येथें देवाचें नियमशास्त्र केवढें शहाणें आहे तें पाहा. सातव्या वर्षीं जमिनीला विसांवा द्यावयाचा, असें लेवीय पुस्तक सांगतें. आणि त्याच सातव्या वर्षीं ऋणकोला सूट द्यावयाची, असें अनुवादाच्या पंधराव्या अध्यायांत आहे. जमिनीचा विसांवा आणि माणसाची सुटका हीं देवानें एकत्र बांधलीं. कापणी करतांना शेताचे कोपरे सोडावयाचे, विसरलेली पेंढी आणावयास परत जावयाचें नाहीं, सरवा परक्याला, पोरक्याला व विधवेला ठेवावयाचा. मवाबी रूथ अशाच सरव्यावर जगली, आणि बवाजाच्या त्या शेतांतून दावीदाचें घराणें निघालें. सरवा ठेवणाऱ्याला आपण कोणाला जेवूं घालीत आहों, हें ठाऊक नसतें.

आतां कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, माझी दोन एकर कोरडवाहू. सावकाराचें देणें डोक्यावर. मुलांच्या पोटांत भूक. मी आईला सोडूं कशी?” हा प्रश्न खोटा नाहीं, आणि ह्याला सोपें उत्तर देणारा उपदेशक त्या भावाच्या घरीं कधीं जेवला नसेल. मी एवढेंच सांगतों. ती आज्ञा वाटेनें जाणाऱ्या एकट्या गरिबालाच दिलेली नाहीं; ती साऱ्या इस्राएलाला दिली आहे. आई राखण्याचें ओझें दोन एकरवाल्यानें एकट्यानें वाहावें, आणि वीस एकरवाल्यानें रात्रंदिवस पंप चालवावा, हा न्याय नव्हे. शहरांत बसून खाणाऱ्यानें योग्य दाम द्यावा, धन्यानें मजुराची मजुरी संध्याकाळीं चुकवावी, सोसायटीनें हात द्यावा, मंडळीनें एकमेकांस उसनवार बीं व बैल द्यावे. तेव्हां गरिबाच्या हातांतून ती आई सुटूं शकेल.

आणि खाणाराही ह्यांतून सुटत नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं 2024 सालीं प्रसिद्ध केलें कीं, 2022 ह्या एका वर्षांत जगांत 105 कोटि टन अन्न दुकानांत, खानावळींत व घरांत मिळून वायां गेलें, आणि त्यांतलें निम्म्याहून अधिक घरांतलें होतें. पांच हजारांना जेवूं घातल्यावर आपल्या प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले. ज्याच्या एका शब्दानें भाकरी वाढतात, त्यालाही तुकडा टाकवला नाहीं. लग्नाच्या पंक्तींत पानावर भात टाकून उठणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवा. इस्राएलानें जमिनीला विसांवा देण्याचें टाळलें. लोकांना वाटलें, आपण वर्षें वांचविलीं. मग बाबेलचा राजा आला, लोक बंदिवान होऊन गेले, आणि 70 वर्षें ती जमीन पडून राहिली. तिनें आपले बुडविलेले शब्बाथ भरून घेतले, असें दुसऱ्या इतिहासाच्या शेवटल्या अध्यायांत आहे. जमिनीचें देणें बुडत नाहीं. तें आपण राजीखुशीनें द्यावें, कीं तिनें आपल्या मुलांकडून वसूल करावें, एवढेंच निवडणें आपल्या हातीं आहे. जमीन परमेश्वराची आहे. आपण तिच्यावर कांहीं दिवस राहणारे उपरे आहों. दुसऱ्याचें शेत खंडानें कसणारा मनुष्य धन्याला शेत परत देतांना मान खालीं घालावी लागूं नये म्हणून जपतो. आपण आपल्या धन्याला तें कसें परत देणार?

उपदेशकबंधूंनो, हा संदेश नुसता वाचून ठेवूं नका. येत्या मृगापूर्वीं आपल्या गांवांतील प्रत्येक विश्वासी घराचा एक खतखड्डा भरलेला असावा, हें पाहा. आणि पहिला खड्डा तुमच्या दाराशीं असावा. पावसाळ्यानंतर मंडळीच्या बैठकींत विहिरींच्या पाण्याची खोली मोजून सांगा, व त्यावरून रब्बीला काय पेरावें हें मिळून ठरवा. हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक धान्य आणतात, तेव्हां प्रत्येकीनें मूठभर निवडक बींही आणावें. तें मंडळीच्या गाडग्यांत राहूं द्या. आणि ज्याच्या घरीं कर्जामुळें बोलणें बंद झालें आहे, त्याच्याकडे ह्याच आठवड्यांत जा. उपदेश करूं नका, शेजारीं बसा.

ज्यानें पांखराच्या आईची चिंता केली, तो आपल्याला विसरणार नाहीं. त्याचें दान आपण आनंदानें खावें, आणि दान देणारीला जिवंत ठेवावें, ह्यासाठीं तो आपणांस शहाणपण व एकमेकांविषयीं प्रीति देवो. आमेन.